पाच मिनिटांची साक्ष

वाचकहो, गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी उपासना आटोपल्यावर आमच्या मंडळीतील एक तरुण मला गाठून म्हणाला, "काका, थोडा वेळ आहे का? एक काम हाती आले आहे. ते करणे पाप आहे की नाही, एवढेच सांगा." असा प्रश्न अलीकडे फारसा कोणी विचारीत नाही. पापाविषयी आपण बहुधा काम उरकून झाल्यावर बोलतो, आणि तेही दुसऱ्याच्या. म्हणून मी त्याला ख्रिस्तमंदिराच्या पायरीवर बसवून घेतले आणि त्याचे म्हणणे ऐकले.

हा तरुण एका कंपनीत संगणकाच्या आज्ञावली लिहितो. २०२० च्या महामारीपासून त्या कंपनीतील पुष्कळ माणसे घरी बसूनच काम करतात. त्यांच्या संगणकांवर कामाच्या तासांची नोंद ठेवणारी एक आज्ञावली चालते. वरिष्ठांनी त्याला सांगितले की, तिच्यात एक छोटीशी भर घाला. पाच मिनिटे कळफलकाला किंवा माउसला हात लागला नाही, तर तेवढा काळ 'निष्क्रिय' म्हणून नोंदला जावा आणि महिनाअखेर प्रत्येकाच्या नावापुढे त्याची बेरीज यावी. "काका, काम दोन तासांचे आहे," तो म्हणाला, "पण आठ दिवस झाले, हात चालत नाही." म्हणजे ती भर आधीच घातलेली असती, तर ते आठ दिवस प्रथम त्याच्याच नावावर निष्क्रिय म्हणून पडले असते.

मी त्याला म्हटले, यंत्र नेमके काय करते ते कळल्याशिवाय मी पापपुण्याची भाषा बोलणार नाही. तेव्हा त्याने उपासनाक्रमाच्या कागदाच्या पाठीवर मला ते समजावून दिले. आपल्यालाही ते थोडे समजून घ्यावे लागेल; कारण नीतीचा प्रश्न त्या तपशिलातच दडलेला आहे.

विंडोज ही संगणकप्रणाली अखेरचा स्पर्श केव्हा झाला याची आठवण ठेवते. 'गेटलास्टइनपुटइन्फो' नावाची एक आज्ञा विंडोज २००० पासून तिच्यात आहे. ती दिली की प्रणाली एक आकडा परत देते. यंत्र सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंदांनी शेवटची कळ दाबली गेली किंवा माउस हलला, हे तो आकडा सांगतो. या क्षणाच्या आकड्यातून तो वजा केला की उरतो तो 'निष्क्रिय' काळ. मॅकिंटॉशमध्ये हेच माप नॅनोसेकंदांत मिळते, लिनक्सवरील एक्स-विंडो व्यवस्थेत मिलिसेकंदांत. परंतु तत्त्व एकच, एक वजाबाकी. माणसाच्या मनाविषयी, बुद्धीविषयी किंवा प्रामाणिकपणाविषयी त्या वजाबाकीत काहीही नाही.

तिच्यातही दोन खड्डे आहेत, असे त्याने सांगितले. मिलिसेकंदांचा तो आकडा ३२ बिटांचा आहे. यंत्र सलग ४९ दिवस आणि सुमारे १७ तास चालू राहिले की तो भरतो आणि मोटारीच्या अंतरमापकाप्रमाणे पुन्हा शून्यावर येतो. वजाबाकी निष्काळजीपणे लिहिली असेल, तर त्या सुमारास कामात गढलेल्या माणसाच्या नावावर भलताच आकडा पडू शकतो. दुसरा खड्डा याहून मार्मिक वाटला. ही आज्ञा ज्या सत्रातून विचारली जाते, त्याच सत्रापुरते उत्तर देते. आज्ञावली जर पडद्याआड चालणाऱ्या सेवेच्या स्वतंत्र सत्रात बसून विचारू लागली, तर पलीकडे माणूस भराभर टंकलेखन करीत असला तरी तिला त्याचा पत्ता लागत नाही. माजघरात दार लावून बसायचे आणि ओसरीवर कोणी नाही असे पंचांना सांगायचे, त्यातलाच हा प्रकार.

एक गोष्ट मात्र ह्या आज्ञेच्या बाजूने सांगितली पाहिजे. ती कोणती कळ दाबली हे सांगत नाही, फक्त केव्हा दाबली एवढेच सांगते. याउलट प्रत्येक कळ वाटेत अडवून वाचण्याचीही रीत आहे. तिच्यात माणसाची पत्रे, परवलीचे शब्द, लिहून खोडलेली वाक्ये, सारेच हाती लागते. त्या तरुणाने ती रीत आपण होऊन बाजूला ठेवली होती. जेवढे जाणणे आवश्यक आहे त्याहून अधिक जाणून न घेणे हीही शेजारधर्माची एक बाजू आहे, हे त्याला कोणी शिकवले असेल तर त्याच्या शब्बाथशाळेच्या बाईंना माझा नमस्कार.

हात थांबल्याची नोंद घेणे ही कल्पना मुळात वाईट हेतूने जन्मली नाही. जुन्या पडद्यांच्या काचेआड फॉस्फरचा थर असे. एकच अक्षर तासन्तास दिसत राहिले की तो तेथे झिजे आणि अक्षराचा डाग कायमचा उमटे. म्हणून जॉन सोचा ह्या गृहस्थांनी एक लहानशी आज्ञावली लिहिली आणि ती डिसेंबर १९८३ च्या 'सॉफ्टॉक' मासिकात प्रसिद्ध झाली. तीन मिनिटे कोणी कळ दाबली नाही की ती पडदा काळा करी, एवढेच तिचे काम. पुढे १९९९ मध्ये बर्कली येथील विद्यापीठाने लोकांच्या रिकाम्या संगणकांचा वेळ मागून घेतला आणि परग्रहावरील बुद्धिमान जीवांचे संकेत शोधण्यासाठी रेडिओ दुर्बिणीच्या नोंदी त्यांवर तपासून घेतल्या. २०२० पर्यंत जगभरातील लोकांनी हे दान दिले. आणि आजही दवाखान्यातील परिचारिका खाटेकडे धावली, तिच्यामागे पडदा आपोआप बंद झाला आणि रुग्णाची माहिती येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांपासून वाचली, तर ती त्याच वजाबाकीची कृपा.

मराठीत राखण आणि पाळत असे दोन शब्द आहेत. दोहोंतही डोळे उघडे ठेवावे लागतात. १२१ व्या स्तोत्रातील इस्राएलाचा राखणारा झोपत नाही आणि डुलकीही घेत नाही, आणि ते ऐकून आपल्याला धीर येतो. न झोपणारा मुकादम असे म्हटले असते तर कोणाला धीर आला असता? पडदा बंद करणारा गणक ज्याच्या हातांवर लक्ष ठेवतो त्याच्यासाठीच काम करतो. महिनाअखेर बेरीज पाठवणारा गणक त्याच हातांवर लक्ष ठेवतो, पण बोलतो तिसऱ्याशी, आणि ज्याच्याविषयी बोलतो त्याला काही विचारीत नाही.

माझ्या मते प्रश्नाचे मर्म येथे आहे. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा आपण सर्वांनी पाठ केली आहे. आमच्या कॅथलिक बांधवांच्या मोजणीने ती आठवी आणि इतर पुष्कळांच्या मोजणीने नववी. आज्ञांच्या क्रमावर आपले एकमत नसले तरी खोट्या साक्षीवर आहे. आता त्या गणकाची साक्ष तपासून पाहा. 'दहा वाजून चार मिनिटांपासून दहा वाजून एकवीस मिनिटांपर्यंत कळफलकास स्पर्श झाला नाही', ही साक्ष खरी आहे. 'दहा वाजून चार मिनिटांपासून दहा वाजून एकवीस मिनिटांपर्यंत हा मनुष्य निष्क्रिय होता', ही साक्ष खरी आहे असे कोण म्हणेल? तो छापील अहवाल वाचीत असेल. कागदावर आकृती काढून पाहत असेल. दृष्टिहीन असेल, तर पडदावाचक आज्ञावलीस सबंध लेख वाचावयास सांगून कान देऊन ऐकत असेल. त्या वेळात त्याला एकही कळ दाबावी लागत नाही. यंत्र खोटे बोलले नाही. यंत्राच्या खऱ्या आकड्यावर कोणीतरी एक शब्द चिकटवला, आणि खोटेपणा त्या शब्दाच्या वाटेने आत आला.

हे दूरचे तर्क नव्हेत. न्यूयॉर्क टाइम्स ह्या दैनिकाने ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेतील अशा मोजमापांविषयी एक विस्तृत लेख छापला होता. एका मोठ्या आरोग्य कंपनीतील समाजसेवक व्यसनमुक्तीच्या केंद्रांत रुग्णांसमोर बसून त्यांचे बोलणे ऐकत, आणि तेवढा वेळ कळफलक शांत असल्याने ते निष्क्रिय ठरत. त्याच लेखात मिनेसोटा राज्यातील मरणोन्मुख रुग्णांची सेवा करणाऱ्या चॅप्लेन मंडळींची, म्हणजे रुग्णसेवेतील पाळकांची, हकीकत होती. तेथे निष्क्रियतेचा गणक नव्हता, गुण होते: मरणोन्मुखाच्या भेटीस एक गुण, अंत्यविधीस पावणेदोन, शोकग्रस्त नातलगास केलेल्या दूरध्वनीस पाव. वाचकहो, आपल्यापैकी जे पाळक आहेत त्यांनी आपल्या गेल्या आठवड्याची बेरीज करून पाहावी. मी एका मित्राची करून पाहिली. त्याला ती मुळीच गमतीची वाटली नाही.

ईयोबाचे तीन मित्र त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर बसून राहिले व एक शब्दही बोलले नाहीत. ह्या गणकाच्या भाषेत ते ६० कोटी ४८ लाख मिलिसेकंद होतात. त्या मित्रांच्या हातून जे चांगले घडले ते त्या सात दिवसांत घडले. नंतर ते सक्रिय झाले आणि देवाचा कोप ओढवून बसले.

'निष्क्रिय' हा शब्दच तपासून घ्यावा असा आहे. इंग्रजीतील एकाच शब्दात जे अर्थ कोंबलेले आहेत, ते आपल्या भाषेने वेगवेगळे सांभाळले आहेत. रिकामा म्हणजे ज्याच्या हाती काम नाही तो. आळशी म्हणजे काम असून न करणारा. निवांत म्हणजे काम पुरे करून टेकलेला. रिकामटेकडा हा आणखी निराळा. त्याला कामाची फिकीरही नाही आणि लाजही नाही. चौघांचेही हात थांबलेले दिसतात. चौघांत भेद करावयाचा असेल तर त्यांना विचारावे लागते.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यात धनी नेमके तेच करतो. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील ती कथा आपण बहुधा मजुरीच्या शेवटच्या वादासाठी वाचतो आणि मधला प्रसंग हातचा सुटतो. दिवस मावळायला एक तास उरला असताना धनी पुन्हा बाजारात जातो. तेथे काही माणसे उभी आहेत. मुंबईच्या किंवा ठाण्याच्या कोणत्याही नाक्यावर सकाळी थापी, ओळंबा आणि फावडे घेऊन उभी राहणारी माणसे ज्याने पाहिली आहेत, त्याला हा बाजार वेगळा समजावून सांगावयास नको. नऊ वाजून गेले की त्यांच्याकडे पाहणाऱ्यांच्या नजरेतच निकाल लागलेला असतो. धनी मात्र त्यांना विचारतो की, सारा दिवस तुम्ही येथे रिकामे का? आणि ते सांगतात की, आम्हांला कोणी कामाला लावलेच नाही. धनी ते उत्तर मानतो. पुरावा मागत नाही, चार शेजाऱ्यांकडे चौकशी करीत नाही. त्यांना मळ्यात पाठवतो. त्यांचे अकरा तास आकड्यांत कोणत्याही आळशी माणसाच्या अकरा तासांसारखेच दिसले असते.

आता दुसरी बाजू. आळस हे पाप नाही काय? आहे, आणि आपल्या परंपरेने त्याचा विचार मोठ्या बारकाईने केला आहे. चौथ्या शतकात मिसरच्या वाळवंटात राहिलेला एवाग्रियस हा साधू ३९९ मध्ये वारला. मठवासीयाला भर दुपारी गाठणाऱ्या 'अकेडिया' नावाच्या दुरात्म्याचे त्याने वर्णन केले आहे. आळस हा त्याला जवळचा मराठी शब्द. पण त्या वर्णनातील साधू झोपलेला नाही. त्याला सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो. तो पुनःपुन्हा खिडकीशी जातो, कोठडीबाहेर येऊन जेवणाच्या वेळेला किती अवकाश आहे ते पाहतो, कोणी बांधव भेटावयास येतो आहे का म्हणून इकडेतिकडे न्याहाळतो. त्याचे पाय थांबत नाहीत. त्याच्यासमोर संगणक असता तर माउस सारखा हलत राहिला असता, एकातून दुसरी आणि दुसरीतून तिसरी खिडकी उघडली असती, आणि पाच मिनिटांच्या गणकाने त्याला उत्तम कर्मचारी म्हणून गौरविले असते. ज्या पापासाठी हा पहारा बसवला तेच पाप पहारेकऱ्याच्या समोरून, त्याला सलाम ठोकून, निघून जाते.

कर्मचाऱ्यांनीही यातून वाट काढली आहेच. माउस आपोआप हलवत राहणारी लहान यंत्रे बाजारात विकत मिळतात. २०२४ मध्ये अमेरिकेतील वेल्स फार्गो ह्या बँकेने कळफलक चालू असल्याचा खोटा देखावा निर्माण केल्याच्या आरोपावरून डझनाहून अधिक कर्मचाऱ्यांना काढून टाकले. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, ही म्हण आपण आजवर थट्टेने वापरली. आता तुंबड्या लावण्याचे यंत्रही निघाले. हे यंत्र वापरणे पाप आहे का? मला वाटते, आहे. पाळत अन्याय्य असली तरी खोटी साक्ष खरी होत नाही. प्रेषित पौलाने कलस्सैकरांस आणि इफिसकरांस लिहिताना दासांना तोंडदेखल्या चाकरीपासून सावध केले आहे, आणि ते दास तर पगारी नोकर नव्हते. तक्रारीस त्यांच्याजवळ कितीतरी अधिक कारण होते. मात्र ज्या व्यवस्थेला तोंडदेखलेपणाच मोजता येतो, ती आपल्या माणसांना दुसरे काय शिकवणार, हा प्रश्न धन्यालाही विचारला पाहिजे.

धन्याची अडचण खोटी आहे असे मी म्हणणार नाही. घरी बसून एकाच वेळी दोन ठिकाणचा पगार घेणारी माणसे आहेत. सोबत्याने सांडलेले काम उचलून ज्यांची कंबर मोडते, त्यांना ह्या विषयावर माझ्यासारख्याने केलेले चिंतन गोड लागणार नाही. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौलाने स्पष्ट सांगितले की, ज्याची काम करण्याची इच्छा नाही त्याने अन्नाचीही अपेक्षा धरू नये. पण तेथेही पौल इच्छेविषयी बोलतो. इच्छा पाहावयाची तर महिन्याअखेरीचे काम पाहावे, माणसाला समोर बसवून बोलावे, चुकत असेल तर तोंडावर सांगावे. याला वेळ लागतो आणि अधिकाऱ्याला थोडे धैर्यही लागते. ते धैर्य टाळावयाचे म्हणून वजाबाकीला पुढे केले जाते, असा मला संशय आहे. मीही पुष्कळ वर्षे माणसांकडून काम करवून घेतले आहे आणि असे धैर्य मी अनेकदा टाळले आहे. त्या वेळी हे यंत्र असते तर मीही ते आनंदाने बसवून घेतले असते.

हे सारे मी त्या तरुणाला एकाच दिवशी सांगितले नाही. तीन रविवार लागले. तिसऱ्या रविवारपर्यंत त्यानेच माझ्यापेक्षा चांगला मार्ग शोधला होता. त्याने वरिष्ठांपुढे लेखी सूचना ठेवली की, पाच मिनिटांनंतर नोंद होऊ द्या, पण ती वर पाठवू नका. माणूस परतला की त्याच्याच पडद्यावर एक चौकट उघडावी आणि तिने विचारावे: एवढा वेळ कळफलक शांत होता, हा वेळ कामात धरावा की नाही? त्याचे उत्तर तेवढे वर जावे. तासांची नोंद ठेवणाऱ्या काही आज्ञावलींत अशी सोय पूर्वीपासून आहे. म्हणजे अशक्य असे काही त्याने मागितले नव्हते.

वरिष्ठांनी ते वाचले आणि विचारले, "त्यांच्याच शब्दावर विसंबायचे असेल, तर मोजायचे कशाला?"

चौकट नामंजूर झाली. तरी दोन गोष्टी त्याच्या पदरात पडल्या. पाच मिनिटांची पंधरा झाली. आणि अहवालातील त्या स्तंभाचे 'निष्क्रिय' हे नाव बदलून 'कळफलकास वा माउसला स्पर्श नाही' असे ठेवण्यात आले. मग त्याने काम पुरे केले. ४९ दिवसांचा खड्डा बुजवला, प्रत्येकाच्या स्वतःच्या सत्रातूनच आकडा घेतला जाईल असे पाहिले, आणि कोणाच्या नावावर एक मिनिटही चुकून पडणार नाही याची आठवडाभर खातरजमा केली.

मला ते नाव बदलणे थोडे वाटत नाही. निदान कागद आता खरे बोलतो, आणि तो वाचणाऱ्याला 'मग तो काय करीत होता?' असा प्रश्न पडावयास जागा राहते. त्या तरुणाला हे पटलेले नाही. तो म्हणतो की, वरिष्ठ स्तंभाचे नाव वाचीत नाहीत, आकडा वाचतात; आणि आपण अचूकपणे केलेल्या वजाबाकीमुळे त्या आकड्याला पूर्वीपेक्षा अधिक वजन आले आहे. जुलैचा पहिला अहवाल निघाला तेव्हा सर्वांत मोठा आकडा ज्यांच्या नावापुढे होता, त्या बाईंना त्याने दूरध्वनी करून काही न सांगता केवळ प्रकृती विचारली. त्यांचे वडील अंथरुणाला खिळले आहेत, आणि त्या रात्री जागून काम पुरे करतात. कामाचे तास सहापर्यंत धरलेले असल्याने रात्रीची नोंद होत नाही.

आता तो विचारतो की, हे वरिष्ठांना सांगावे का? सांगितले तर बाईंच्या घरातली गोष्ट त्यांना न विचारता बाहेर पडते. न सांगितले तर आकडा बोलतच राहणार. आधी बाईंना विचार, एवढे मी म्हणालो आहे. त्या नको म्हणाल्या तर पुढे काय, याचे उत्तर माझ्याजवळ नाही. आपल्यापैकी पुष्कळजण पुण्यात, हैदराबादेत, बडोद्यात, दिल्लीत अशाच कचेऱ्यांतून अधिकारपदावर आहेत आणि असे कागद आपल्या टेबलावर येत असतील. आपण ते कसे वाचता, हे मला कळवाल काय? तो रविवारी पुन्हा थांबणार आहे.